केशरी कपाळाची नोंद

२ मार्च, सकाळी ६.४०
मी आठ वर्षांची असताना ताई म्हणाली होती, "तू नुसती बघ. लिहून मी घेते." ते वाक्य मी केव्हाच विसरले आहे. गेली छत्तीस वर्षं फक्त अधूनमधून आठवतं, दिवसातून एक-दोनदा.
ताई आता पक्षीमंडळाची नोंदप्रमुख. शहराची पक्षीसूची दहा वर्षांनी पुन्हा छापायची आहे. जो पक्षी इथे पहिल्यांदाच दिसला, त्याच्यापुढे बघणाऱ्याचं नाव, ठळक अक्षरात. सूची वीस तारखेला छापायला जाते.
आणि काल मला तो दिसला. मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यामागे, झाडावर. इवलासा, हिरवट-पिवळा, कपाळ भडक केशरी. कुठल्याही पुस्तकात नाही. मी दोन्ही पुस्तकं पाहिली.
संकल्प: फोटो. स्पष्ट. याच आठवड्यात.

३ मार्च
एकूण फोटो ४१. पैकी ३८ फांदीचे. फांदी सुरेख आली आहे. दोन नुसत्या आभाळाचे. एक खिडकीच्या गजाचा.
दोष कॅमेऱ्याचा. तो भावजींकडून आणलाय, म्हणजे ताईच्याच घरातला. समजायचं ते मी समजले.

४ मार्च
ताईला फोन. तिचा पहिलाच प्रश्न: डोळ्याभोवती पांढरं कडं आहे का? आहे. मग तो चष्मेवाला, म्हणाली, शेंबडं पोरही ओळखतं. मी विचारलं, चष्मेवाल्याचं कपाळ केशरी असतं का? ती उलट म्हणाली, "एकटा होता की थवा?" मी सांगितलं, एकटाच. बाकीचे पंधरा साधे चष्मेवाले होते, पण ते नुसतेच त्याच्या मागे मागे करत होते.
"झाड कसलं आहे गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी पक्ष्यांची, झाडांची नाही.
"बाई गं," म्हणाली आणि फोन ठेवला. दुसरं काय, हेवा.

७ मार्च, दुपारी
नोंदीच्या फॉर्मवर दुसरा साक्षीदार लागतो. तोही मिळाला.
अकरा वाजता रूट कॅनालचे काका खुर्चीत, तोंड उघडं, माझ्या हातात लाळ ओढायची नळी. तेवढ्यात खिडकीत तो! मी "आला!" म्हणून ओरडले आणि नळीसकट धावले. नळी पुरली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं पाखरू महत्त्वाचं की माझा पेशंट?" मी नळी परत काकांच्या तोंडात लावली. खरं उत्तर त्यांना झेपलं नसतं.
काकांनी पक्षी पाहिला. अर्धा जबडा बधिर, त्यामुळे नेमकं काय म्हणाले ते कळलं नाही, पण सूर होकाराचा होता. लगेच सही घेतली. सहीही जरा एका बाजूला लोंबते आहे.

९ मार्च
आज दोन! जोडी आहे. नवऱ्याने विचारलं, नर कुठला, मादी कुठली, हे कसं ओळखलंस? मी म्हटलं, एक सारखा मिरवत होता आणि दुसरी कंटाळली होती. त्याने पेपर वर केला.
फोटो: शेपटी, एक. उत्तम शेपटी.

१२ मार्च
नऊ! साधे चष्मेवाले आता सातच उरलेत. बाकीच्यांना यांनी हुसकावलं असणार. झाड फुलांनी गच्च भरलंय. फुलंही केशरीच. स्वतःला शोभेलसं झाड निवडायचं म्हणजे पक्ष्याला केवढी जाण लागते! ताईला मेसेज केला: वसाहत.

१४ मार्च
ताईचा फोन. म्हणाली, सूचीत एक ओळ रिकामी ठेवली आहे, एकोणीस तारखेपर्यंत. मंडळातले लोक हसताहेत, हसू देत. "एक स्वच्छ फोटो आण. तुझं नाव मी स्वतः टाईप करते."
आवाज जरा वेगळा होता. माया नव्हे. नाइलाज.

१५ मार्च
दवाखान्याचा जुना हिरवा पडदा गुंडाळून मागच्या जिन्यात उभी राहिले. पक्ष्यांना अजिबात कळलं नाही. एका नवीन पेशंटने मला बाजूला सारून दार शोधलं.
मान अवघडली. फोटो: पडदा.

१८ मार्च, सकाळी ७.०५
मिळाला. चार हातांवर!
एसीचं पाणी ठिबकतं तिथे एक पसरट डबा ठेवलेला असतो. तो त्यात अंघोळीला उतरला. मी श्वास रोखून सहा फोटो काढले. सहाही लखलखीत. पिसन् पीस दिसतंय.
पहिला: कपाळ भडक केशरी. दुसरा: तसंच. तिसरा: जरा फिकं. चौथा: जुन्या कपड्यासारखं. पाचवा: उगीच काहीतरी. सहावा: चष्मेवाला.
डब्यातल्या पाण्यावर केशरी भुकटी तरंगत होती. मग झाडाच्या एका फुलाला हात लावून पाहिला. अठरा दिवसांत पहिल्यांदाच. बोट केशरी.

१८ मार्च, संध्याकाळी
पहिला फोटो एकटाच पाठवला तर? त्यात खोटं काय आहे? कपाळ केशरी आहेच. साक्षीदार आहे, सही आहे. ओळ रिकामी आहे. ताई डोळे झाकून नाव घालेल.
तेच तर. ताई डोळे झाकून घालेल.
ते काही नाही. उद्या सकाळी पाठवते. पहिलाच.

१९ मार्च, दुपारी
सहाही पाठवले. आयुष्यात पहिल्यांदा सहा फोटो धड आले आणि त्यातले पाच मी लपवू? मी तशी बाई नाही. (काल संध्याकाळचं काही धरायचं नाही.)
ताईचा फोन आला. एकदम हसत सुटली, ठसका लागेपर्यंत. "अगं वेडे, परागकण! फुलात तोंड घालून आलेत सगळे!" म्हणाली, ती ओळ काढली. मग हळूच विचारलं, "फोटो खरंच तू काढलेस?"
मी चुकले नव्हते. पक्ष्यांनी तोंड धुतलं नव्हतं. हे सूचीत कुठेतरी यायला हवं. पण नेहमीच्या पक्ष्यांना एकच फोटो आणि पुढे नाव नाही, हा नियम ताईनेच केलाय, आणि ताईने नियम मोडल्याचं मला आठवत नाही. नाहीच म्हणेल. तरी आत्ताच मेसेज टाकलाय: ताई, चष्मेवाल्याच्या पानावर हे सहाही फोटो ओळीने छाप. खाली माझं नाव घाल. ठळक नको, बारीक चालेल.