दाजी, खाच बघून काही कळत नाही

पोशेरा, ता. मोखाडा
शनिवार, शाळा सुटल्यावर

ती. उमेशदाजींना पोशेऱ्याहून तुळशीदासाचा नमस्कार, तोही उभ्यानेच. (बसून लिहायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा उठून खिडकी लावून आलो. खिडकी एकच आहे.)

तुमची साखर आटोक्यात आहे ना? सकाळचं फिरणं खरोखर चालू आहे, की ताईला दाखवण्यापुरतं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत? ताईचा गुडघा आता जिना चढू देतो असं ऐकलं, बरं वाटलं. आमच्याकडे सगळं क्षेम. भात कापून झालंय, नाचणीची कणसं खुडून झालीत, माझी प्रकृती उत्तम आहे. फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. तर तुम्हाला फोन केला की दुसऱ्या वाक्याला तो ताईच्या हातात असतो, आणि तिसरं वाक्य ‘अर्ज भरलास का?’ हे असतं. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर.

तो अर्ज म्हणजे बदलीचा. अकरा वर्षं या शाळेवर काढली, आता विनंती केली तर खाली बोईसर-पालघरच्या बाजूला शाळा मिळू शकते, हे तुम्हाला ताईमुळे माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. तिने माझ्या आणि प्रगतीच्या संसारासाठी तुमच्याच इमारतीच्या मागे खोलीसुद्धा बघून ठेवलीय. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि तो तुम्ही मला प्रेमाने दिलेल्या लॅपटॉपवर. लॅपटॉपबद्दल मी कधी तक्रार केली नाही, दिलेल्या वस्तूचे दात मोजू नयेत एवढं मला कळतं, पण दाजी, तो सुरू व्हायला नऊ मिनिटं घेतो. नऊ! मला तुम्ही ओळखता. लग्नात अंतरपाट धरल्यावर मंगलाष्टकं संपायच्या आत तीनदा पाय बदलणारा माणूस मी. बटण दाबायचं आणि त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. म्हणून बटण दाबलं की मी बाहेर पडतो. गेल्या तीन वर्षांत या नऊ-नऊ मिनिटांत मी शाळेचं कुंपण बांधलंय, फाटकाला तेल दिलंय, शेवग्याला आळं केलंय, पाण्याच्या टाकीवर जोडाक्षरं रंगवलीत. केंद्रप्रमुख येऊन कौतुक करून गेले. आणि परत येऊन बघतो, तर अर्जाच्या पानावर ‘वेळ संपली, पुन्हा प्रवेश करा’ असं आलेलं असतं.

तेव्हा ठरवलं की रोग मुळातूनच काढायचा. जव्हारला संदीप म्हणून एकाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस हुशार, पण बोलतो असा की दोन शब्दांच्या मध्ये काळी-पिवळी जीप भरून निघून जावी. त्याला टेकडीवर जाऊन फोन लावला (मोबाइलला रेंज तिथेच येते. शाळेतलं इंटरनेट तारेवरून येतं, वारा नसेल तेव्हा). तो म्हणाला, “सर... तुमची हार्ड डिस्क... जुनी फिरणारी आहे. एसएसडी टाकू. तिच्यात काही फिरत नाही.” काही फिरत नाही हे ऐकून मला फार बरं वाटलं. मग म्हणाला, एसएसडीत पण दोन जाती. एक साटा, ती आत्ताच्यापेक्षा कितीतरी वेगाची. दुसरी एनव्हीएमई, ती तिच्याहून पाच-सहा पट वेगाची. दिसायला दोन्ही सारख्या, च्युइंगमच्या पट्टीएवढ्या. मी लगेच म्हणालो, पाच-सहा पटवाली द्या. “सर... आधी तुमचा लॅपटॉप ती घेतो का... ते बघावं लागतं.”

आता ते कसं बघायचं? तर लॅपटॉपच्या पोटावर मॉडेलचा नंबर असतो, तो घेऊन कंपनीच्या माहितीपुस्तकात बघायचं. मी पोट बघितलं. तुमच्या मांडीवर सहा वर्षं आणि माझ्या टेबलावर तीन वर्षं घासून तिथे फक्त एक सात आणि अर्धा बी उरला होता. (बी नसून आठ असेल, फागी म्हणाली. फागी म्हणजे आमच्या शाळेत पोषण आहार शिजवते ती. तिला वाचता येत नाही, पण नजर घारीची.) लॅपटॉप चालू करून नंबर आतूनही बघता येतो, पण चालू करायला नऊ मिनिटं. म्हणून मी दुसरा मार्ग धरला आणि लॅपटॉप उघडला.

घाबरू नका. अकरा स्क्रू होते, अकराही वाटीत ठेवले. आत बघतो तर खरोखरच एक मोकळी जागा, पट्टी बसेल अशी, कधी कुणी वापरलेलीच नाही. दाजी, नऊ वर्षं ती जागा तिथे वाट बघत होती आणि आपल्या दोघांनाही पत्ता नाही! त्या जागेला एक खाच असते, ती एका कडेला असेल तर वेगवाली पट्टी बसते. खाच त्याच कडेला होती. मी फोटो काढला, टेकडीवर पळालो, संदीपला पाठवला. तो म्हणाला, “सर... खाच बरोबर आहे. पण खाच बघून... काही कळत नाही. काही लॅपटॉपांत खाच तीच असते, पण आतून जोडणी फक्त साटाची. नंबर द्या. मी बघून... उद्या सांगतो.”

शेवटी त्याच्यासाठी लॅपटॉपचं पोट मिटवून तो चालू केला, नऊ मिनिटं सोसली (त्यात वर्गातली पाठ्यपुस्तकं उंचीप्रमाणे लावली), नंबर पाठवला. पण त्या ‘उद्या’ने माझी झोपच उडवली. सकाळी पहिल्या जीपने जव्हार गाठलं. संदीपचं दुकान बंद. स्टँडच्या पलीकडे दुसरं एक दुकान नुकतंच उघडत होतं. तिथल्या माणसाने माझा फोटो अर्धा सेकंद बघितला आणि म्हणाला, “चालेल. सगळ्यांना चालतं.” किती सुटसुटीत माणूस! मला त्याचा वेग आवडला. वेगवाली पट्टी घेतली आणि पहिली घंटा व्हायच्या आत शाळेत हजर.

पट्टी बसली. खटकन बसली, जणू तिच्यासाठीच ती जागा. अकरा स्क्रू लावले, बटण दाबलं, संदीपने सांगितलेल्या त्या निळ्या पानावर गेलो, जिथे लॅपटॉप आपल्या पोटात काय काय आहे ते सांगतो. जुनी डिस्क आहे म्हणाला. मेमरी आहे म्हणाला. नवी पट्टी? अवाक्षर नाही. काढून परत बसवली, फुंकर मारून बसवली, पट्टीला नमस्कार करून बसवली. लॅपटॉपच्या लेखी ती जन्मालाच आलेली नव्हती. मी टेकडीवर गेलो, तिथे संदीपचा सकाळीच येऊन पडलेला निरोप: “सर, तुमच्या मॉडेलला एनव्हीएमई चालत नाही. साटावाली चालेल. घाई करू नका.”

चिडून खाली आलो आणि पट्टी उपसून काढायला गेलो. तिला धरून ठेवणारा एक बारीक स्क्रू असतो, तिळाएवढा. तो उडाला. दाजी, अकरा मोठे स्क्रू मी जिवापाड सांभाळले आणि हा बारावा उडाला. पहिली ते चौथी, सगळा वर्ग गुडघ्यावर बसून शोधायला लागला. मीही टेबलाखाली शिरलो. आणि नेमका त्याच वेळी लाडक्या दारात येऊन उभा राहिला.

लाडक्या वरच्या पाड्यावरचा. त्याची सुकी तिसरीत आहे. दरवर्षी भात झालं की नवरा-बायको भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि सुकीला घेऊन जातात. पोर परत येते ती पावसाच्या तोंडाला, तोवर वजाबाकी विसरलेली असते. या वर्षी मीच त्याच्या मागे लागलो होतो की तिला मावशीकडे ठेव. तर तो दारातून काहीतरी बोलत होता आणि मी टेबलाखालून ‘हो, हो’ म्हणत होतो. माझं सगळं ध्यान फरशीच्या फटींत. त्या बोलण्यातला माझ्या कानावर फक्त शेवटचा तुकडा आला, “...हाव ना तुम्ही?” मी म्हणालो, “हो रे, आहे, आहे, इथेच आहे. पाय उचल जरा.” त्याने पाय उचलला, खाली स्क्रू नव्हता, तो निघून गेला.

स्क्रू फागीला सापडला. उद्याचे तांदूळ ती सुपात निवडत होती, त्यात. “खडा समजून टाकनार व्हती,” म्हणाली. मी आनंदाने उडीच मारली. ती मात्र सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. “गुरुजी, लाडक्याला काय बोललात ते ठाव हाय ना?” मी म्हणालो, काय बोललो? “त्यानं इचारलं, पोरीला हितं ठेवून जातो, तर वरीसभर आन् फुडं पन तुम्ही हाव ना हितं? दुसरा गुरुजी आला आन् शाळा चार-चार दिस बंद ऱ्हायली, तर पोर कुनाच्या भरवशावर? आन् तुम्ही बोललात, आहे, आहे.”

दाजी, त्या संध्याकाळी मी लॅपटॉपला हात लावला नाही. अंगणात फेऱ्या मारल्या, प्रगती म्हणाली आता अंगणाला खड्डा पडेल. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “जाऊन खरं सांगा त्याला. तो शब्दावर पोर ठेवून जाईल.” सकाळी उठून पाड्यावर गेलो, वाटेत वाक्य चारदा तयार केलं: लाडक्या, मी अर्ज भरणार आहे, माझ्या भरवशावर राहू नको. पोचलो तर भट्टीचा ट्रक तासाभरापूर्वीच गेलेला. दाराला बाहेरून दोरी बांधलेली. शेजारच्या मावशीच्या ओट्यावर सुकी दप्तर घेऊन बसली होती, शाळेला अजून दोन तास अवकाश असताना. मला बघून उठली आणि पहिला प्रश्न विचारला, “गुरुजी, स्क्रू सापडला?”

सापडला म्हणालो. आम्ही दोघं शाळेपर्यंत चालत आलो, मी माझ्या वेगाने आणि ती पळत.

पुढचं थोडक्यात. शुक्रवारी शाळा सुटल्यावर जव्हारला जाऊन पट्टी बदलून आणली. (‘सगळ्यांना चालतं’वाल्याने कुरकुर न करता परत घेतली, माणूस वाईट नाही, फक्त माझ्यासारखा आहे.) संदीपने साटावाली बसवली, जुन्यातलं सगळं तिच्यात उतरवलं आणि बटण दाबलं. मी सवयीने उठून दाराकडे निघालो होतो. उंबऱ्यापर्यंत पोचलो नाही तोच तो म्हणाला, “सर... झालं.” पंधरा सेकंद! साधी पट्टी हे करते, तर ती पाच-सहा पटवाली घेऊन मी कुठे जाणार होतो, कोण जाणे. तर तुमचा लॅपटॉप उत्तम चालतो आहे. तुमचे उपकार आहेतच, ते आता लवकर सुरू होतात एवढंच. तुम्ही स्वतःच्या नव्या लॅपटॉपला काही टाकणार असाल तर आधी नंबर बघा, खाचेवर जाऊ नका.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. प्रगती तुम्हा सगळ्यांना विचारते.

तुमचा,
तुळशीदास

ता. क. ताईने विचारलंच तर सांगा की अर्जाचं पान आता ताबडतोब उघडतं. हे शंभर टक्के खरं आहे.

ता. क. २. संदीपच्या दुकानात तेच पान उघडून बघत होतो. तो म्हणाला, “सर... बदलीचा अर्ज होता होय? मग तीन वर्षांपूर्वीच यायचं. इथून... पाच मिनिटांत भरून दिला असता.” दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं? दर आठवड्याला जव्हारला जातो मी. हे मला सुचलं नव्हतं असं नाही.

ता. क. ३. पानावर पहिलाच प्रश्न होता: बदली हवी आहे का? हो, नाही. एवढा प्रश्न माझ्यासमोर इतक्या लवकर कधी आला नव्हता, मला उठून जायलाच वेळ मिळाला नाही. मी ‘नाही’ दाबलं. प्रगतीला आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं, तीही इथेच बरी म्हणते.

ता. क. ४. आता मुख्य काम. हे ताईला तुम्ही सांगायचं आहे. सोबत नाचणीचे पापड पाठवले आहेत, दोन डझन. ते आधी तिच्या हातात द्या, तळू द्या, आणि पहिला पापड तिच्या तोंडात गेला की सांगा. तोंड भरलेलं असताना ती ओरडत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. चोवीस पापडांत भागलं नाही तर कळवा, लगेच आणखी पाठवतो.