सारजाला धरण दाखवायचंय

१० जून २०१५, बुधवार

ठरलं! या पावसाळ्यात नाथसागर. बद्रीनाथला सांगून टाकलं — एक रविवार बापाला दे, गाडीची सोय मी बघतो. पोरगं हसायला लागलं. "आबा, धरण काय पळून चाललंय का?"

पळून? माझ्या रोलरखाली दबलेली माती आहे ती! पळतीय कुठं!

आख्ख्या बजाजनगरला ठाऊक आहे, मी जायकवाडीच्या भिंतीवर रोलर चालवला ते. ज्याला ठाऊक नाही त्याला मी सांगतो. दाऊदनं डंपर भरून माती आणायची, मी दाबायची. उन्हातान्हात वर्षानुवर्षं हेच काम. आज शहर ते पाणी पितं, वाळूजच्या कंपन्या त्याच्यावर चालतात. नळाला पाणी आलं की मी ओरडतोच — "आलं बघा आमचं पाणी!"

सूनबाई हसते. आमची सारजा हसत नाही. आजही नळाखाली हंडा लावून म्हणाली, "तुमचं कशाचं? आमच्या अंगणावरनं आलंय ते."

१२ जून

तिच्या डोक्यातलं जात नाही. कानडगव्हाण तिचं माहेर, ते धरणात गेलं. एकटं तेच गेलं का? किती गावं गेली! आमचं लग्न ठरलं तेव्हा गाव उठलेलं होतं. लग्न धरणाच्या कामगार कॉलनीतल्या मांडवात लागलं, सगळे रोलरवाले वऱ्हाडी! सासरा नव्या गावठाणात रमला नाही, लवकर गेला. मागून सासूही गेली. मेव्हणा नगरकडं निघून गेला, तिकडंच वारला. आता गावठाणात आमचं कोणी नाही.

वाईट वाटतं. नाही असं नाही. पण म्हणून माणसानं इतकी वर्षं धरणाकडं पाठ करून बसावं? नातवंडं बघून आली, गल्ली बघून आली, जिच्या नवऱ्यानं बांधलं तिनंच बघितलं नाही! मला दुसरं काही नको. भिंतीवर उभं राहून एकदा म्हणावं तिनं, की केलंत बुवा काम. बास.

१५ जून

भिंतीवर सोडत नाहीत हल्ली, परवानगी लागते. धरणाच्या ऑफिसात गेलो. साहेब लेकाच्या वयाचा. मी म्हणलं, "रोलर ऑपरेटर होतो, बांधकामाच्या टायमाला." उठून उभा राहिला गडी! चहा मागवला. "काका, तुम्हाला कोण अडवणार? कधीही या."

कधीही या! घरी येऊन तीनदा सांगितलं. सारजा शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "चहात साखर होती का? तुम्हाला डॉक्टरनं नको म्हणलंय."

१८ जून

दाऊद तयार. त्याच्या पोराची तवेरा आहे, चालवणार मात्र दाऊदच. "हौ बन्सीभाई, चलेंगे ना! पर भाभी आयेंगी क्या?"

दुखरी जागा बरोबर सापडते याला.

जहांआराभाभी खिचडी-खट्टा करणार. सूनबाई धपाटे, ठेचा, मटकीची उसळ. मी काय करणार? मी धरण दाखवणार!

२१ जून, रविवार

पेपर वाचला अन् तोंड कडू झालं. पाणी तळाला गेलंय. पाऊस नाही. लोक गाळात फिरायला लागलेत, जुन्या गावांची जोती, देवळांचे चौथरे उघडे पडलेत म्हणे. फोटोसुद्धा छापलाय!

मी मोठ्यानं वाचून दाखवलं अन् पेपर आपटला. म्हणलं, राहू द्या. भरल्यावर जाऊ. अशा वाळक्या धरणाचं काय कौतुक दाखवू मी लोकांना? इज्जतीचा पंचनामा नुसता!

सारजा भाकरी थापत होती. हात थांबले तिचे. "कानडगव्हाणचं काय लिहिलंय का त्यात?"

"नावं नाही दिली. नदीकाठची सगळी म्हणतेत."

पुन्हा थापायला लागली. तवा उतरवला, पदराला हात पुसले अन् म्हणाली, "आत्ताच जाऊ. मी येते."

मला वाटलं चेष्टा करतीय. नाही! "येते म्हणलं ना. किती येळा सांगू?"

आली! सारजा येणार! असं कुणी मनापासून सांगत राहिलं तर दगडालाही ऐकावं लागतं. माझी चिकाटीच तशी आहे. पाणी कमी तर कमी. भिंत तर तेवढीच आहे!

२२ जून

दाऊदला फोन केला. तो "माशाल्ला" म्हणाला, अन् एकदम फोनच बंद झाला. लाईन कट झाली असेल.

२८ जून

पाच तारीख पक्की. रविवार आहे. बद्रीनाथनं रजेचं बघितलं. सकाळी उजाडताच निघायचं, ऊन व्हायच्या आत भिंतीवर. कुठं उभं राहून काय दाखवायचं ते मी ठरवून ठेवलंय. आधी दरवाजे. मग तिथून सरळ नजर टाकली की मातीची भिंत लांबच लांब, शेवट दिसत नाही. तिथं मी काही बोलायचं नाही. तिचं तिनं बघावं.

औरंगपुऱ्यातून नवा शर्ट आणला. सूनबाई म्हणाली, "आबा, नवरदेव दिसताय." मेली चेष्टेखोर! पण खरं सांगायचं तर शर्ट बरा दिसतोय.

सारजाही दुपारी सूनबाईला घेऊन औरंगपुऱ्यात गेली होती. मी विचारलं काय आणलं? "आणलं आमच्या कामाचं." असू दे. लुगडं घेतलं असेल. एवढ्या वर्षांनी हौस आली तर आपण काय म्हणायचं?

३ जुलै

सारजाची अट! "आधी मी म्हणेल तिथं गाडी थांबवायची. तुमचं धरण मागून."

लगेच हो म्हणलं. पैठणला जाऊन नाथांच्या पाया न पडता कोण येतं? म्हणलं, "दर्शन घेऊ, रांग असली तरी घेऊ." ती माझ्याकडं बघत राहिली.

किती साधी आहे सारजा! देवाला जायचं सांगायला एवढी अट घालावी लागते का?

५ जुलै, पहाटे

सारजा माझ्याआधीच उठून बसलीय. नवं लुगडं नाही, लग्नातलं नेसलीय! दाऊदचा हॉर्न वाजला. निघालो. आजचा दिवस माझा!

६ जुलै

नाथांच्या देवळाकडं गेलोच नाही. पैठणच्या अलीकडंच तिनं दाऊदला गाडी वळवायला लावली. वाट संपल्यावर वाळल्या गाळातून चालत गेलो. ती पुढं. कुणालाही विचारलं नाही तिनं. एका जोत्यापाशी थांबली, पदरानं दगड झाडले. म्हणाली, "इथं ओसरी होती. बसा."

माझे पाय धुतले. मी म्हणलं, अगं हे काय! म्हणाली, "गप बसा. अधिक महिना हाय. आमच्या बापाची लई इच्छा होती, जावई एकदा गावात यावा, त्याला धोंडे वाढावेत. वाढायला आता दुसरं कोण हाय? दाऊदभाई, तुम्ही भावाच्या जागी उभे ऱ्हावा."

तिनं औरंगपुऱ्यातून आणलेली नवी टोपी दाऊदनं माझ्या डोक्यावर ठेवली, नवा टॉवेल खांद्यावर टाकला. भिंतीची माती यानंच आणून टाकलेली, मीच दाबलेली. तिनं डब्यातून आणलेले पुरणाचे धोंडे मी खाल्ले. सगळे. तिनं आग्रह केला तेवढे.

मग म्हणाली, "चला, आता तुमचं धरण."

भिंतीवर लई वेळ उभी राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. म्हणाली, "मजबूत बांधलंय तुम्ही. हे काय आता हलायचं नाय."

हेच ऐकायचं होतं मला इतकी वर्षं. ऐकलं, अन् सगळ्यांसमोर तिथंच रडलो.