जवसाचा लेप आणि अर्धा इंच

३ मार्च, सोमवार
हिच्या डाव्या टाचेला नवी चप्पल चावली. जखम दोन इंच. साखर आहे म्हणून भरत नाही म्हणे. आजपासून जवस. वाटून, शिजवून, कोमट लेप. गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, एवढ्याशा बीत अख्खं झाड असतं. मग टाचेपुरती कातडी का नसावी? देवाचं नाव घेऊन बांधला. पंधरा दिवसांत गुण. रोज टेपनं मोजायचं, रोज लिहायचं.

५ मार्च
पावणेदोन. शिंप्याचा हात खोटं बोलत नाही.

८ मार्च
दीड. कडा काळ्या, जवसाचा रंग उतरला. थोरली फोनवर ओरडली, बाबा, आई काय ट्रायलचा शर्ट आहे? दवाखान्यात न्या. शिकलेल्या मुलींना धीर कमी.

९ मार्च
मोजलं नाही. शाळेच्या गणवेशांची घाई.

१२ मार्च
सव्वा. टेप जरा ताणावा लागला. वास येतो. जवस शिळं असणार. उद्यापासून दोन्ही वेळ ताजं.

१४ मार्च, सकाळी सात
देवानं ऐकलं! दुखायचं थांबलं. चिमटा काढला तरी हिला कळला नाही. गुण मुळापर्यंत पोचला.

१५ मार्च
हिला ताप. औषध आत लढतंय. आज किती, म्हणून हिनं विचारलं. एक, म्हणालो. हसली. म्हणाली, जाड्या गिऱ्हाइकाच्या पोटाला तुम्ही असंच अर्धा इंच कमी सांगता. कापताना मात्र खरं धरता. माझं खरं कुठं लिहिलंय? मी म्हटलं, पटत नाही तर लेप का बांधून घेतेस? म्हणाली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायाशी बसलात. ते मोडवेना.
ताप आहे, काहीही बोलते.

१७ मार्च
सकाळी हाकेला ओ देईना. थोरलीनं गाडी आणली. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी वही पुढे केली. त्यांनी वाचली, मग स्वतःची पट्टी लावली. साडेतीन इंच. आठ दिवस आधी आणलं असतं तर, एवढंच म्हणाले. पाय गुडघ्याखाली कापायच्या कागदावर मी सही केली.

२ एप्रिल
ही घरी आली. हिच्या पायजम्याचा डावा पाय आखूड करायचा. टेप धरला. ही म्हणाली, आता तरी खरं सांगा हो.
पावणेसत्तावीस भरलं. पावणेसत्तावीसच लिहिलं.