अगहनाचा गुरुवार

गुढ़ियारी, रायपूर
मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शनिवार

प्रिय शालिग्राम,

तुझी बायको माया परवा येऊन गेली. पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, जाताना ओटी भरली. ती काय घेऊन आली होती ते तुला ठाऊक आहे, म्हणून ते शेवटी लिहीन. आधी जे तुला ठाऊक नाही ते वाच. घाईनं वाचू नको.

आपल्या गावची भीमाबाई रोज सकाळी टेम्पोनं भाजी घेऊन येते आणि माझ्या पायरीवर बसते. सरकारचे महिन्याचे हजार रुपये बायांच्या खात्यात यायला लागले तेव्हापासून मी तिला बघून राहिली आहे. आधी ती तराजू भाड्यानं घ्यायची, दिवसाला पाच रुपये. दुसऱ्याच महिन्यात तिनं स्वतःचा तराजू आणला आणि मला म्हणाली, दीदी, हळदी-कुंकू लाव. मी लावलं. गावच्याच कांताबाईनं चष्मा केला आणि तांदळातले खडे तिला साठ वर्षांत पहिल्यांदा दिसले. कलावतीची सासू पैसे येतात त्या आठवड्यात तिला बहू म्हणते, एरवी नुसतं 'ए'. हे सांगताना भीमाबाई पोट धरून हसायची. मी हिशेबाची वही ठेवणारी बाई आहे, हजार रुपयांत काय काय बसतं ते मला कळतं. पण सासूच्या तोंडातलं 'बहू' कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून उमजलं नाही.

अगहनाच्या, म्हणजे त्यांच्या मार्गशीर्षातल्या, गुरुवारी आपल्या गावातल्या बाया काय करतात हे तुला मी सांगायला नको. आई त्यांच्यातच बसायची. पहाटे सारवण, तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं दारापासून देवापर्यंत, आणि दिवसभर पैशाला हात नाही. देणं नाही, घेणं नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी पडून दुपारपर्यंत ती पावलं करडी होतात, तरी पुसत नाहीत. यंदा तू त्याच दिवशी बँकेची अंगठ्याची मशीन घेऊन पाऱ्यात, बायांच्या वस्तीत गेलास. खात्याची तपासणी आहे म्हणालास, आज पैशाचं काही नाही, फक्त अंगठा लावा. गुरुवारी कोणी पैसे मागणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं. एकतीस बायांनी अंगठे लावले. भीमाबाई म्हणते, भैया चप्पल घालून चौकावरून, पिठाच्या पावलांवरून गेला, बँकेचा माणूस, त्याला कोण टोकणार. पावलं आत येणारी काढतात, शालिग्राम. तू त्यांच्यावरून बाहेर गेलास.

मग तू सगळ्यांना सांगितलंस की या महिन्याचे वरून आलेच नाहीत. पण शेजारच्या गावात आले होते, आणि ते पुरुषांच्या कानावर गेलं. कलावतीच्या नवऱ्यानं तिला विचारलं, हजार रुपये माहेरी दडवले का. तिनं देवाची शपथ घेतली तरी त्यानं लाकडानं मारलं आणि दोन रात्री घराबाहेर ठेवलं. सासू पुन्हा 'ए' म्हणायला लागली. भीमाबाईच्या घरी पीठ नव्हतं, म्हणून तिनं तराजू विकला. आता ती पालेभाजीच्या जुड्या अंदाजानं बांधते आणि गिऱ्हाईक तिच्याशी भांडतं.

एक दिवस तिनं पासबुक माझ्यापुढे धरलं. 'दीदी, मोर लक्ष्मी ला कोन ले गे?' माझी लक्ष्मी कोणी नेली, एवढंच विचारलं. मी तारीख बघितली. आपल्या पंचांगात तेव्हा कार्तिकच होता, त्यांचा अगहन आपल्या मार्गशीर्षाच्या पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून क्षणभर माझ्याही लक्षात आलं नाही. मग वार बघितला. गुरुवार. पुढे नोंद, हजार काढले. या गावची बाई अगहनाच्या गुरुवारी पैसे काढेल हे बँकेच्या साहेबाला पटेल, मला नाही. मी टेम्पोत बसून गावी गेली, एकतीस पासबुकं गोळा केली, शाखेत उभं राहून छापून घेतली. एकतीस ठिकाणी तोच वार. बँकेला तक्रारीचा अर्ज माझ्याच हातानं लिहिला.

तुला वाटत असेल, ताईला गावच्या बायांचा एवढा पुळका काहून आला. तर ऐक. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि बाबांनी रेल्वेच्या पगारातून घेतलेल्या दोन एकरांकडे दलाल चकरा मारू लागले. त्या भाऊबीजेला मी तुला ओवाळलं. तू ताटात साडी ठेवलीस आणि साडीखाली कागद. विजेच्या मीटरवर नाव बदलायचं आहे, ताई, सही कर. मी केली. वारसाहक्क सोडल्याचा तो कागद होता. भीमाबाईला वाचता येत नाही, तिनं अंगठा दिला, तिचा काय दोष? मी मॅट्रिक पास. मला वाचता येत होतं आणि मी वाचलं नाही, कारण तुझ्या कपाळाला माझ्याच हातचं कुंकू होतं. ह्यांना आजवर सांगितलं नाही. तेवीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आली की हिस्सा मी आपल्या खुशीनं सोडला.

परवा माया त्याच हिश्शाचे पैसे घेऊन आली. पिशवी देवापुढे ठेवली आणि म्हणाली, ताई, हे तुमचंच आहे, फक्त सोमवारी साहेबांपुढे म्हणा की बायांची समजूत चुकली. पिशवी मी उघडली नाही. तिच्याच हाती परत दिली, वर खण ठेवला. ती रडली. तिचं मला वाईट वाटलं, तुझं नाही. तिन्हीसांजेला दिवा लावून मी देवाला एकच मागितलं, मला माफ करायची बुद्धी देऊ नको, निदान सोमवारपर्यंत.

सोमवारी अकरा वाजता बँकेचे साहेब गावच्या चौपालात येतील. आजारी आहे, घरीच पडून आहे, असं सांगू नको, माणूस पाठवून आणतील. एकतीसही बाया येणार आहेत, कलावतीचा नवराही येणार आहे. त्याला मी पुढे बसवणार. कबुलीचा कागद मी लिहून ठेवला आहे. बाया म्हणतात, भैयाची सही नको, अंगठा पाहिजे. मला ते बरोबर वाटलं. शाईचा डबा मी आणीन. तू पूर्वी मला जे दिलं नाहीस ते मी तुला देणार आहे. कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवीन, दोनदा. मग लाव. डावा.

हे पत्र भीमाबाईच्या हातून पाठवते. घेताना तिच्याकडे बघ.

दर भाऊबीजेला तुझं औक्ष मागणारी,
तुझीच
इंदूताई