वाघदेवाचा होकार

पप्पा, आपला क्रशर काल बंद झाला. कायमचा. खडीचा शेवटचा डंपर चारोटीच्या दिशेने गेला, ऑपरेटरने खटका खाली ओढला आणि माझ्याकडे न बघता हात झटकले. उद्यापासून काय करणार, मी विचारलं. "बघू, वापीला कंपनीत," म्हणाला. ऑफिसातला तुमचा फोटो मीच उतरवला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता.

"वाकड्यात शिरू नकोस, सरळ बोल," असंच म्हणाल ना? तर सरळ बोलते. खदानीची लीज संपत आली होती. पुढे टेकडीचा वरचा भाग हवा होता, आणि त्यासाठी आता टेकडीखालच्या आदिवासी पाड्याच्या ग्रामसभेचा होकार लागतो. तो मिळाला नाही.

मला सारखी दिवाळीच्या तोंडावरची ती वाघबारस आठवतेय. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या दिवशी क्रशर बंद म्हणजे बंद, मुंबईचा बिल्डर फोनवर किती का बोंबलेना. तुम्ही पांढरा झब्बा घालून, अनवाणी, हातात नारळ घेऊन टेकडीच्या पायथ्याशी वाघदेवाकडे निघाला आहात आणि मी मागून चपला फटफटवत येतेय. तुम्ही वळून खेकसता, "पायातलं काढ आधी! कुणाच्या दारात आलोय आपण?" पाड्यातला भगत सुपात तांदळाचे दाणे टाकतो, जोड्या लावून बघतो, मान हलवतो. देव हो म्हणाला! वर्षभर सुरुंग लावायला तुम्ही मोकळे. मग आपण मावशीकडे जेवायला जायचो. खदानीवर आपलं जेवण करणारी ती पाड्यातलीच. तिच्या कुडाच्या घरात तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी तुम्ही अशी हाणायचात की आई घरी आल्यावर रुसायची.

यंदाची ती ग्रामसभा शाळेच्या ओट्यावर बसली. कुणी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. एकेक जण उठून शांतपणे सांगत होता. सुरुंगाने भिंतींना गेलेले तडे, होळीआधीच आटणारी विहीर, वालाच्या वेलांवर बसलेली धूळ. टेकडी आमची आहे, आम्ही नाही म्हणतो. मला राग आला, पप्पा. तुमच्यासाठी आला. मी ताडकन उठले, "माझे पप्पा दर वाघबारशीला अनवाणी येऊन तुमच्या देवाची परवानगी घ्यायचे! कुठला मालक असं करतो, सांगा ना!"

मावशी आता पार वाकलीय. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "बाय, तुझा बापूस देवाला इचारी, खरां हाय. आमाला कदी इचारलां?"

रागाने बोलली असती तर मी भांडले असते. पण ती खरंच आठवून बघत होती, एकदा तरी विचारलं होतं का. मग तिने नकारासाठी हात वर केला. तिच्या मागोमाग पाड्यातल्याच आपल्या ऑपरेटरनेही केला, ज्याच्या घरची चूल आपल्याच पगारावर पेटत होती.

तुम्ही लबाड असतात तर किती सोपं झालं असतं हो! शिव्या घालून मोकळी झाले असते. पण तुम्हाला मनापासून वाटायचं, देवाने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनीच म्हटलं. तिच्या घरात मांडी घालून, तिच्या हातची भाकर खाताना, "मावशी, तुला चालतंय ना गं?" एवढं विचारायला काय जात होतं? डहाणूला घरी येईपर्यंत मी गाडीत एकटीच तुमच्याशी भांडत होते आणि रडत होते.

हा कागद तुमच्या फोटोमागे सरकवून ठेवेन, दुसरं काय करणार. तुम्ही गेल्यापासून एक दिवस असा नाही गेला की तुम्ही हवे होतात असं वाटलं नाही. त्या दिवशी मावशी बोलली तेव्हा मात्र पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं, पप्पा नाहीत इथे.