लाल दोऱ्याची कार्डं

अप्पा, काल आपल्या आमटीत सोनं सापडलं. काल नव्हे, परवा. आणि सोनंही खरं नव्हे, सोनेरी वर्खाचा कपटा होता तो, मी ग्रीटिंग कार्डांवर चिकटवते त्यातला. तुम्ही असतात तर पहिल्याच ओळीला दोन दोरे बांधले असतेत, म्हणून आधीच दुरुस्त करून घेतलं. आईला पळीत काहीतरी चमकताना दिसलं. तिनं पळी खिडकीच्या उजेडात धरली, नीट बघितलं आणि आमटी पिऊन टाकली. मी ओरडले, अगं ते पोटात जायचं नाही, डबीवर तसं छापलंय! ती तोंड पुसत म्हणाली, "गेलं की आता. मेल्यावर तोंडात सोनं घालायचं तुजं एक काम वाचलं." त्यानंतर मी दर अर्ध्या तासानं तिला पोट दुखतंय का विचारत होते. शेवटी ती म्हणाली, "पोट न्हाय, कान दुखाय लागलेत."

पण हे पत्र त्या सोन्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेलीय, अठरा वर्षं झाली. ती तुमच्या लाल दोऱ्याची आहे, आणि तुमच्या चष्म्याची. तिच्यापर्यंत यायला मला वेळ लागेल. मी अशीच आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते, आता सत्तावीस वर्षांची आहे. सकाळी एका शाळेच्या ऑफिसात बसते आणि दुपारी स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या टेबलावर कार्डं बनवते. कार्डांच्या शाया पाण्यातल्या नसतात, स्पिरिटमधल्या असतात. साध्या कागदात त्या मुरून जातात, म्हणून प्लास्टिकसारखा गुळगुळीत कागद घ्यावा लागतो. त्यावर निळ्या शाईचा एक थेंब टाकायचा, शेजारी स्पिरिटचा एक, आणि नळीनं हलकी फुंकर मारायची. रंग पळतो. कुठं जाऊन थांबेल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. तुम्ही म्हणायचात, ओल्या रंगावर विश्वास ठेवू नको, वाळला की तो खरं बोलतो. हा रंग तुमचं वाक्य संपायच्या आत वाळतो. मग त्यावर चिकट गोंद लावायचा, वर्खाचे कपटे ठेवायचे आणि मऊ ब्रशनं जास्तीचा वर्ख झटकायचा. तो उडतो, म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. सोलापुरात, मे महिन्यात, पंखा बंद. आई दारात उभी राहून पदरानं वारा घेते आणि विचारते, "आदल्या जन्मी कुणाचा पंखा चोरला हुतास गं?" आणि स्पिरिटच्या एवढ्या बाटल्या कशाला लागतात, असं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं नुसतं सहज विचारलं, तर मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला एक कार्ड नेऊन दाखवलं, पुरावा म्हणून. त्यानं ते ठेवून घेतलं. त्याला वाटलं, भेट आहे.

शाळेत नाव घालायच्या आधी तुम्हीच मला शिकवायला बसायचात. भवानी पेठेतल्या कारखान्यात तुम्ही चादरी तपासायचात. चादर टेबलावर पसरायची, तळहात फिरवायचा, आणि कुठं धागा तुटलेला असेल, डाग असेल, नक्षी हुकली असेल, तर त्या रेषेत चादरीच्या काठाला लाल दोरा बांधायचा. दोन गाठी, एक शेपूट लांब. दोऱ्याची चादर सेकंडच्या ढिगात, बिनदोऱ्याची चांगल्या ढिगात. तुम्ही म्हणायचात, "गिऱ्हाइकानं डाग शोधायच्या आदी आपुन दाखवायचा. मग त्यो डाग न्हाय, मग ती माहिती." माझ्या वहीलाही तुम्ही तेच केलंत. जिथं अक्षर चुकलं त्या ओळीशी, समासात सुईनं भोक पाडून लाल दोरा. पहिलीत मी वही घेऊन गेले तेव्हा बाईंनी ती दोन बोटांनी उचलून धरली आणि म्हणाल्या, "ही वही आहे का बैलाची झूल?" सगळा वर्ग हसला. मला मात्र बाईंचीच काळजी वाटली. त्या नुसत्या लाल पेनानं फुल्या मारत होत्या. फुली कुणी खोडलीच तर?

तर मी कार्डांनाही दोरा बांधते. शाई नको तिथं थांबली, वर्ख फाटला, कागदावर बोट उमटलं, की त्या जागी काठाला लाल दोरा, दोन गाठी, एक शेपूट लांब. माझ्या डब्यात दोऱ्याची कार्डं जास्त आणि बिनदोऱ्याची कमी असतात. आई म्हणते, चांगलं ते बघायची सवयच तुम्ही मला लावली नाहीत.

मागच्या महिन्यात तुमच्या मालकांच्या सूनबाई घरी आल्या. मालक पंचाहत्तर वर्षांचे झाले. समारंभाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एक टॉवेल आणि त्यावर हातानं केलेलं आभाराचं कार्ड द्यायचं होतं. चाळीस कार्डं. मी डबा पुढं केला. त्यांनी चांगली कार्डं बाजूला सारली आणि दोऱ्याची तेवढी निवडली.

"अय्या, हा दोरा किती गोड! देवीचा ना?"

"नाही वहिनी, तो चुकीचा आहे. हे बघा, इथं निळा रंग नको तितका पसरलाय."

"पसरू दे की. दोऱ्यानं कसं शुभ वाटतंय."

"आणि या कार्डावर माझं बोट उमटलंय."

"हातानं केलंय म्हटल्यावर बोट उमटणारच. सगळ्या चाळीसला दोरा पाहिजे हं, एकालाही विसरू नका."

मी तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी आईनं मला आत बोलावलं आणि दात ओठ खाऊन म्हणाली, "ती आपल्या पायानं आलीय, तू तिला हातानं घालवू नगंस."

आता तुम्हीच सांगा, चांगल्या कार्डाला दोरा बांधायचा कसा? चुकीला दोरा न बांधणं खोटं असेल, तर बरोबरला बांधणंही खोटंच. चार दिवस विचार करून मला एकच प्रामाणिक मार्ग सापडला. प्रत्येक कार्डात एक खरी चूक करायची, म्हणजे दोरा खरा ठरेल.

अप्पा, मुद्दाम चूक करणं किती अवघड असतं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटून हिरवा थेंब टाकला, तो निळ्याच्या कडेनं असा फिरला की उजनी धरणाचं पाणी वाटावं. वर्ख चुरगाळून फेकला, तर ऊन पडल्यासारखा दिसला. एका कार्डावर मी सरळ शिंकले. ते सगळ्यांत छान झालं. शेवटी एकेका कार्डाचा कोपरा एक सूत तिरका कापला, पट्टीनं मोजून, आणि तिथं दोरे बांधले. आई भाकरी थापता थापता बघत होती. "चांगलं व्हईना म्हणून रडायचीस," ती म्हणाली, "आता बिगडंना म्हणून रडतीस. बापावर गेलीस." आणि मग तव्याकडं बघत हळूच, "त्यांनी बी नगं तवा चष्मा केला हुता."

तिनं सहज म्हटलं. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

मी तिसरीत आहे. दिवाळीच्या आधीचा शनिवार, शाळा सकाळची. बाईंनी सांगितलंय, आईवडिलांसाठी भेटकार्ड करून आणा. मी तुमचा डबा घेऊन कारखान्यात येते. तुम्ही हात धुवायला गेलेले असता. माझ्या कार्डावर पणती काढलेली आहे, तिला ज्योत हवी आहे, आणि सेकंडच्या ढिगाला लाल दोऱ्यांच्या शेपट्या लोंबत आहेत. दोऱ्याची रीळ तुमच्या खिशात असते; मागितली असती तर तुम्ही हातभर दोरा काढून दिला असतात. पण मग ते गुपित राहिलं नसतं. मी नऊ दोरे सोडवले. गाठी तुमच्याच, कशा सुटतात ते मला माहीत होतं. पाडव्याला तुम्ही ते कार्ड दोन्ही हातांत धरून बघितलंत, ज्योतीवर अंगठा फिरवलात, आणि दुसऱ्या दिवशी नेऊन तपासणीच्या टेबलावर, भिंतीला खिळ्यानं लावलंत.

सुट्टी संपायच्या आत परगावच्या व्यापाऱ्याकडून चादरी परत आल्या. चांगल्या मालात नऊ डागाळलेल्या निघाल्या होत्या, एकीलाही दोरा नाही; दोरा नाही म्हणूनच गठ्ठे बांधणाऱ्यांनी त्या चांगल्यात घातल्या होत्या. मी डबा घेऊन दारात उभी होते. मालक सगळ्या कामगारांसमोर तुम्हाला म्हणाले, "डोळं हायत का बटणं?" तुम्ही परत आलेली एक चादर उलगडलीत, काठावर बोट फिरवलंत आणि म्हणालात, "चुकलं, मालक." तेव्हा तुमच्या डोक्यावर, भिंतीला, माझी पणती होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चष्मा करायला गेलात आणि मला बरोबर नेलंत. डोळे तपासणारा म्हणाला, "काका, नंबर नावापुरता आहे. नाही लावला तरी चालेल." तुम्ही म्हणालात, "लावा. लागतोय म्हंजे लागतोय." तो डोळ्यांवर आला त्या दिवसापासून तुम्ही उंबऱ्याला ठेचकाळायला लागलात. बशीऐवजी मांडीवर चहा ओतलात. आई म्हणायची, चष्मा आल्यापासून ह्यांना कमी दिसाया लागलं. सगळे हसायचे, तुम्हीही. मी हसत नव्हते. पहिल्या दिवशी भीती वाटली म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी, काल का नाही सांगितलं असं विचाराल म्हणून. मग चष्मा आला, आणि वाटलं, आता सांगितलं तर चष्मा वाया जाईल. मग सात वर्षं गेली. मग तुम्ही गेलात.

समारंभाला मला जायचंच नव्हतं, पण सूनबाईंनी गाडी पाठवली. मी जिलबीच्या टेबलामागं उभी राहिले. मालक आता वाळून गेलेत, पण आवाज तोच. टॉवेलवरचं कार्ड त्यांनी हातात घेतलं. रंगाकडं बघितलंच नाही. काठावरनं बोट फिरवलं, दोरा चिमटीत धरला, आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडले.

"सूनबाई! माझ्या पंचाहत्तरीला सेकंडचा माल वाटतीस व्हय गं?"

"मामंजी, तो शुभ असतो," सूनबाई म्हणाल्या.

"शुभ? आख्खी जिंदगी या दोऱ्याला शिव्या घातल्या मी!" मग त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "गाठ वळखीची हाय. कुणाची हाय ही गाठ?"

मी पुढं झाले. आधी कोपरा दाखवला, एक सूत तिरका आहे म्हणून. त्यांनी कोपरा सोडून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, पोरीबाळींना ते अम्मा म्हणतात. "तपासणीवाल्याची पोरगी तू? बस अम्मा, बस." जिलबीचं ताट त्यांनी माझ्यासमोर सरकवलं. "तुज्या बापासारका डोळा न्हाय बघितला मी. एकदाच चुकला त्यो. आन मी लई बोललो त्याला."

तिथं गप्प बसता आलं असतं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, हातात जिलबी, भोवती पाहुणे. पण माझ्या तोंडून ते निघून गेलं. "मालक, ते चुकले नव्हते. दोरे मी काढले होते. दिवाळीच्या कार्डासाठी."

"त्ये पणतीचं? टेबलावरचं?"

"हो."

जिलबीचा पाक त्यांच्या मनगटावरून ओघळत होता. "आन मग त्यो चष्मा?" ते म्हणाले. मग तेच पुढं सांगायला लागले. "तपासाय बसला की त्यो चष्मा काडून खिशात ठेवायचा. मी इचारलं तर म्हणायचा, काचेला चरे पडत्यात मालक, जपून वापरतो." मग त्यांनी जिलबी संपवली, हात नव्या टॉवेलला पुसला, आणि दोऱ्यासकट ते कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं. "आता काय चादरी परत मागवू? खा की जिलबी."

मी खाल्ली. दोन खाल्ल्या. खरं सांगायचं तर तीन.

काल तुमच्या ट्रंकेतून चष्मा काढून बघितला. काचांवर एकही चरा नाही. ज्योतीवर अंगठा फिरवलात तेव्हाच तुम्हाला समजलं होतं, की चादरीचा काठ चाचपला तेव्हा, की कधीच नाही, हे आता मला कुणी सांगणार नाही. पणतीचं कार्ड तुम्ही शेवटपर्यंत भिंतीवरून काढलं नाहीत, एवढंच मला माहीत आहे.

पत्र पुन्हा वाचून बघितलं. हे शाईच्या बाटल्यांच्या डब्यात, तळाशी राहील. चुका सात सापडल्या, त्या तशाच ठेवल्यात. दोरा एकच बांधलाय, या शेवटच्या ओळीशी, कारण डाग आधी दाखवायचा असतो आणि मी तो सगळ्यांत शेवटी दाखवतेय. तुमचे डोळे चांगले होते, अप्पा.