ओळ भावोजींची, करणी माझी

प्रिय ताई,

बसस्टँडवरचा बोर्ड मी बंद पाडला. भावोजींनी नाही, मी. आधीच लिहून टाकतो, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि हेच राहून जाईल. फोन केला नाही, कारण तू मधेच फाडफाड बोलायला लागतेस, आणि भावोजी हल्ली दिवसभर घरीच, तुझ्या शेजारी.

कुठली बस कुठल्या फलाटावर ते दाखवायचा बोर्ड आमची कंपनी चालवते. शनिवारी साहेब बड्या पाहुण्यांना तो दाखवायला नेणार होते. म्हटलं, त्या दिवशी सव्वादहाच्या बसखाली एक ओळ झळकू दे: 'बसला ऊशिर, साहेब अजून दाढी करतायत.' पाच सेकंदांची तर गंमत! आता फंक्शन म्हणजे मशीनला नेमून दिलेलं एक काम. त्याला नाव दिलं की शोधणाऱ्याला सापडतं. म्हणून मी शहाण्याने बिननावाचं केलं. आमच्या मशीनच्या म्हाताऱ्या भाषेत असं काम अवतरणचिन्हांत नुसतं वाक्यासारखं लिहिता येतं, मशीन चालता चालता त्याचं फंक्शन बनवतं. भावोजींनी मला कंपनीत लावलं त्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं, असलं काही करू नकोस रे बाबा, ते जन्मतं पण मरत नाही. मी मान डोलावली. माझी मान तुला माहीतच आहे.

बोर्ड दर पाच सेकंदांनी ताजा होतो. दर वेळी 'आज शनिवार आहे का' एवढं विचारायला एक नवं फंक्शन जन्माला यायचं, आणि जुनं तिथेच ठाण मांडून. दिवसाला सतरा हजार! सोमवारी मी ते घातलं, गुरुवारी दुपारी मेमरी गच्च भरली आणि बोर्ड काळाठिक्कर. दोन तास माणसं पोरंबाळं, बोचकी घेऊन या फलाटावरून त्या फलाटावर धावत होती. एका आजोबांची बस त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. माझा तो शनिवार उजाडलाच नाही ताई. गंमत राहिली बाजूला, नुसतं वाटोळं झालं.

आणि त्या मशीनचा मला इतका राग येतोय ना! भांडं कोण भरत होतं ते नाही सांगत, शेवटचा थेंब कुणाचा तेवढंच सांगतं. मेमरी संपली तेव्हा चालू असलेली ओळ भावोजींची होती, फलाट नंबर छापणारी, साधी, गरीब ओळ. एररमध्ये तीच आली. साहेबांनी त्या एररचा छापील कागद सगळ्यांसमोर नाचवला. म्हणाले, अकरा वर्षं काय झोपा काढल्या का? अरे, साहेबांना स्वतःला कोडमधला क कळत नाही आणि चालले खापर फोडायला! मी कोपऱ्यात उभा होतो. तेव्हाचं माझं तोंड आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुपचूप माझी ती गमतीची ओळ काढायला गेलो, तर ती आधीच गेलेली. तिच्या जागी भावोजींनी शेरा मारून ठेवला होता: 'ऊशिर नाही, उशीर.' बस, एवढंच. अख्ख्या ऑफिसात असं दिव्य शुद्धलेखन कुणाचं, हे त्यांना विचारायची गरज नव्हती. तरी खाली जाऊन साहेबांना म्हणाले, माझीच चूक झाली, आणि साहेबांनी त्यांना घरी बसवलं. मला एक शब्द नाही, एक शिवी नाही. मला दारात गाठून म्हणाले, डबा खाल्लास का? साहेबांपेक्षा मला त्यांचाच जास्त राग येतोय. कुणी सांगितलं होतं एवढं थोर व्हायला? चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, इथे संन्यासीच आपण होऊन फासात मान घालतोय! मला नोकरीला त्यांनी लावलं म्हणून काय माझी पापंही त्यांनीच वाहायची?

आता हे पत्र आजच हातोहात का पाठवतोय ते ऐक. उद्या अकरा वाजता साहेब त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेणार आहेत. ते तुला म्हणाले असतील, सहज ऑफिसला चक्कर मारून येतो. सहज नाही. मी दहालाच साहेबांच्या केबिनमध्ये शिरतोय, माझी ती ओळ जशीच्या तशी कागदावर लिहून, खाली माझं नाव घालून. भावोजी आधी पोचले तर मला बोलूच देणार नाहीत, मधे पडून परत सगळं अंगावर घेतील. म्हणून बारा वाजेपर्यंत त्यांना घराबाहेर सोडू नकोस. स्कूटरची किल्ली लपव, पोटात दुखतंय म्हण, भांडण काढ, ते तुला छान जमतं. मला नंतर हवं तेवढं बदड. पण ताई, तुझ्या पाया पडतो, तोवर हे कुणाला सांगू नकोस. आईला नको, शेजारच्या काकूंना नको, आणि भावोजींना तर मुळीच नको. प्लीज, कुण्णाला म्हणजे कुण्णालाच नको.

तुझाच,
कार्टा